मनाच्या आरोग्याचा ऑनलाइन कोर्स अर्ध्यावर का सुटतो?

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येते. ‘ताणतणाव व्यवस्थापन’ किंवा ‘सकारात्मक जीवनशैली’ असं नाव, खाली गुगल मीटचा पत्ता आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘सहभागींना ई-प्रमाणपत्र देण्यात येईल’. मुलं जॉइन होतात, माइक-कॅमेरा बंद ठेवतात, शेवटी फीडबॅक फॉर्म भरतात आणि दोन-चार दिवसांत सर्टिफिकेट मेलवर येऊन पडतं. २०२० च्या लॉकडाऊनपासून आपल्याकडच्या मुलांनी हे इतक्या वेळा केलंय, की मनाच्या आरोग्याचा ऑनलाइन कार्यक्रम म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे हेच येतं. पुढे कधी खरोखर उपयोगाचं काही समोर आलं, तरी ती तशीच वागतात.

हे नुकसान मोठं आहे, कारण याच नावाखाली बरीच वेगवेगळी कामं चालतात आणि त्यातली काही चांगली सिद्ध झालेली आहेत. मी खानदेशातल्या एका कॉलेजात शिकवते. मुलं जे सांगतात आणि जगभरच्या अभ्यासांतून जे दिसतं, ते एकाच ठिकाणी येऊन मिळतं. कोर्समध्ये काय आहे यापेक्षा, कोर्स करणाऱ्या मुलाच्या मागे एखादं माणूस उभं आहे का, यावर बरंचसं अवलंबून असतं.

आधी हे कार्यक्रम असतात तरी काय, ते पाहू. वेबिनार म्हणजे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्यातून माहिती मिळते, यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दुसरा प्रकार आपल्या वेळेनुसार करायच्या कोर्सचा: सहा-आठ धडे, प्रत्येक धड्यात थोडं वाचन, एखादा व्हिडिओ आणि करून बघायचा सराव. तिसरा मोबाइल ॲपचा, ज्यात रोजचा मूड नोंदवायचा, श्वासाचे व्यायाम करायचे किंवा चॅटबॉटशी बोलायचं. चौथा प्रकार म्हणजे व्हिडिओ कॉलवर किंवा फोनवर खऱ्या समुपदेशकाशी बोलणं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन याच प्रकारात येते. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली, १४४१६ हा तिचा नंबर, फोन मोफत, चोवीस तास चालू, आणि मराठीतून बोलता येतं. त्याआधी २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ हा मानसिक आधाराचा उपक्रम सुरू केला होता. या चार गोष्टींना एकाच मापाने मोजलं की चर्चा भरकटते. ‘ऑनलाइनचा काही उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्याने बहुधा पहिला प्रकार पाहिलेला असतो, आणि ‘फार फायदा झाला’ म्हणणाऱ्याने दुसरा किंवा चौथा.

दुसऱ्या प्रकारात नेमकं काय शिकवतात, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. बहुतेक चांगले कोर्स एका जुन्या उपचारपद्धतीवर उभे आहेत. तिला मराठीत बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात आणि सगळे तिला सीबीटी म्हणूनच ओळखतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. मूळ कल्पना अशी, की घटना घडते आणि आपल्याला वाईट वाटतं, पण या दोन्हींच्या मधे एक विचार येऊन गेलेला असतो. तो इतक्या झटकन येतो की आपल्या लक्षातही येत नाही.

समजा, दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा एक विषय राहिला. निकाल बघितल्यापासून तो खोलीतून बाहेर पडत नाही, मेसला जात नाही, घरचा फोन उचलत नाही. कोर्स त्याला सांगतो, एका कागदावर तीन रकाने पाड. पहिल्यात घटना: ‘केमिस्ट्रीचा पेपर राहिला’. तिसऱ्यात भावना: ‘छातीत धडधड, लाज, झोप नाही’. आता मधल्या रकान्यात, निकाल दिसला त्या क्षणी डोक्यात काय आलं ते लिही. बराच वेळ काही सुचत नाही. मग हळूहळू येतं: ‘बापाने कापूस विकून फी भरली आणि मी नालायक निघालो.’ हे वाक्य कागदावर उतरलं की त्याला प्रश्न विचारता येतात. पाच विषय निघाले त्याचं काय? वर्गात आणखी कितीजणांचा हाच पेपर राहिला? मित्राचा राहिला असता तर त्याला नालायक म्हणाला असतास का? दुःख यातून नाहीसं होत नाही. पण ‘पेपर राहिला’ आणि ‘मी नालायक’ या दोन गोष्टी सुट्या होतात, आणि त्या सुट्या झाल्या की मुलगा संध्याकाळी जेवायला तरी जातो.

हे काम कागदावर होतं, तसं स्क्रीनवरही होतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने २००१ साली ‘मूडजिम’ नावाचा असाच कोर्स इंटरनेटवर आणला, तेव्हापासून यावर सतत संशोधन चालू आहे. २०१४ साली विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरच्या अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्या तुलनेत ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली. पण जिथे तुलनेतल्या मुलांना दुसरं काहीतरी करायला दिलेलं होतं, तिथे हा फरक तितका स्पष्ट राहिला नाही. २०१९ च्या दुसऱ्या एका आढाव्यात ८९ अभ्यास तपासले गेले. त्यातले निम्म्याच्या आसपास परिणामकारक ठरले आणि साधारण एक तृतीयांश अंशतः. म्हणजे मदत होते, पण जाहिरातीत म्हणतात तेवढी नाही. माझ्या मते एवढीही कमी नाही, कारण भारतात मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत काहीच पोचत नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचं प्रमाण, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के निघालं होतं.

मग अडतं कुठे? मुलं कोर्स पूर्ण करत नाहीत तिथे. मानसिक आरोग्याची ॲप्स लोक प्रत्यक्षात किती दिवस उघडतात, हे २०१९ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. पंधरा दिवसांनंतरही ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं ३.९ टक्के, आणि तीस दिवसांनंतर ३.३ टक्के. शंभरांनी घेतलं तर महिन्याअखेर तीन-चारजण उरतात. म्हणून ‘आमचं ॲप एवढ्या लाख लोकांनी डाउनलोड केलं’ असं कोणी सांगितलं की त्यावरून काहीच कळत नाही.

अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांना आळशी ठरवणं सोपं आहे आणि चूकही आहे. उदासीत पहिली गोष्ट जाते ती काही सुरू करण्याची ताकद. ज्याला सकाळी अंथरुणातून उठायचा कंटाळा येतो, त्याने स्वतःहून लॉगिन करून चौथा धडा पूर्ण करावा, अशी अपेक्षा हे कोर्स करतात. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून तक्रारी जवळपास त्याच येतात: धडे लांब आहेत, उदाहरणं माझ्या आयुष्यातली वाटत नाहीत, परीक्षा आली की हेच आधी मागे पडतं, आणि मी थांबलो तरी कोणाला कळलंच नाही. ही शेवटची तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे यात आणखी भर पडते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं ते मुळात जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मुलांना शिक्षण जवळ मिळावं म्हणून. तरीही नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावहून जळगावचं विद्यापीठ २०० किलोमीटरच्या घरात आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर अजूनही रेंज धरायला टेकाडावर जावं लागतं. नंदुरबारच्या कितीतरी घरांतली माणसं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, आणि कॉलेजचा मुलगाही सुट्टी लागली की त्यांच्यामागे जातो. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला आला की जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्यांच्या घरातली मुलं शेतात असतात. कोर्सचा ‘तुम्ही तीन दिवस लॉगिन केलेलं नाही’ हा मेसेज अशा वेळी येतो.

आणि बोलायचं कुठे बसून? दोन खोल्यांचं घर, फोन भावाबरोबर वाटून घेतलेला. माझ्या ओळखीतली एक मुलगी रात्रीची भांडी आवरून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जायची आणि तिथून समुपदेशकाशी बोलायची. खालून आईचा आवाज यायचा, ‘कोनासंगे बोली ऱ्हायनी व?’ मैत्रिणीशी बोलतेय असं ती सांगायची. आईला राग नव्हता, काळजी होती. पण रात्री फोनवर बोलणाऱ्या मुलीकडे शेजारपाजारचे कसे बघतात, हे दोघींनाही माहीत होतं. शेवटी समुपदेशकाने वेळ बदलून दिली. कॉलेज सुटल्यावर एका मॅडमने स्टाफरूमला लागून असलेली खोली अर्धा तास मोकळी ठेवली आणि तिचं बोलणं सुरळीत चालू राहिलं. समुपदेशक तोच, फोन तोच. एक खोली आणि ती उघडून देणारं एक माणूस, एवढाच फरक होता.

या उलट, ऑनलाइनमुळेच ज्यांना मदत मिळाली अशी मुलंही कमी नाहीत, आणि त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. चोपडा, शिरपूर, पाचोरा यांसारख्या गावांत कोण कोणत्या दवाखान्यात शिरलं हे संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखाली उभं राहायला मुलं घाबरतात. ज्या मुलाला वर्गात तोंड उघडता येत नाही, तो लिहून मात्र मोकळेपणाने सांगतो. मुलग्यांच्या बाबतीत मला हे जास्त दिसतं. ‘मला रडू येतं’ हे वाक्य समोरासमोर बोलणं त्यांना फार जड जातं. रात्री दोनला झोप येत नसताना फोनमधलं काहीतरी हाताशी असणं, हाही छोटा आधार नाही.

या रात्री दोनच्या वेळेमुळे चॅटबॉटचा प्रश्न येतो. यंत्राशी मन मोकळं करायची माणसाची तयारी जुनीच आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा साधा प्रोग्राम लिहिला. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्याशी खासगी गोष्टी बोलू लागले. खुद्द वायझेनबॉमही त्याने अस्वस्थ झाले. २०१७ मध्ये ‘वोबॉट’ या चॅटबॉटची ७० तरुणांवर दोन आठवड्यांची चाचणी झाली. त्यात उदासीची लक्षणं कमी झालेली दिसली. मात्र चाचणी लहान होती आणि कालावधी छोटा. ते ॲप २०२५ च्या जूनअखेर बंदही झालं. बंगळुरूमध्ये तयार झालेलं ‘वायसा’ चालू आहे. अशा ॲपमध्ये सीबीटीचे ठरलेले सराव असतात, त्यामुळे त्यांचा उपयोग समजू शकतो. आता मुलं थेट सर्वसाधारण एआयशी बोलतात. ते गोड बोलतं, खचत नाही, वैतागत नाही. पण तुमच्या बोलण्यावर ते बहुतेक वेळा मान डोलावतं. विचार तपासायचा असेल तेव्हा ‘खरंच तसं आहे का?’ असं थांबवून विचारणारं कोणीतरी लागतं. आणि जीव धोक्यात आहे असं वाटलं तर उठून दारापर्यंत येणारं माणूस लागतं.

हाच धागा पुढे त्या ‘स्वतःची चाचणी करा’ प्रकाराशी जाऊन भिडतो. बऱ्याच कार्यक्रमांत सुरुवातीला नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. त्याला पीएचक्यू-९ म्हणतात आणि २००१ पासून तो जगभर वापरला जातो. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, झोप कशी होती, भूक कशी होती, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाकडे जाऊन नीट तपासून घ्यावं, असा संकेत आहे. हे निदान नव्हे. ताप मोजला म्हणजे टायफॉइड आहे की मलेरिया हे कळत नाही, तसंच हे. पण मुलगा खोलीत एकटा बसून फॉर्म भरतो, स्क्रीनवर ‘१७ – मध्यम ते तीव्र’ असं उमटतं आणि खाली ‘धन्यवाद’. त्याने आता काय करायचं?

या फॉर्मचा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्यावर ‘शून्य’ सोडून काहीही उत्तर आलं, तर त्याच दिवशी त्या मुलाशी प्रत्यक्ष बोलणारा माणूस ठरलेला असलाच पाहिजे. तो ठरलेला नसेल तर कॉलेजने हा फॉर्म पाठवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विचारायचं आणि उत्तर आल्यावर गप्प बसायचं, याने मुलाला एवढंच कळतं की सांगूनही कोणी येत नाही. तुम्ही स्वतः असा फॉर्म भरला असेल आणि त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’कडे झुकत असेल, तर रात्र असली तरी १४४१६ ला फोन लावा आणि जवळ जो कोणी असेल, रूममेट, भाऊ, मावशी, त्याला उठवून सांगा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं.

माहिती कोणाकडे जाते, हाही प्रश्न मुलं विचारतात आणि रास्त विचारतात. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने वापरकर्त्यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या सरकारी आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये प्रकरण ७८ लाख डॉलर भरून मिटलं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आला आहे. पण कॉलेजातली गळती याहून साध्या वाटेने होते. गुगल फॉर्ममध्ये नाव, रोल नंबर आणि ‘तुम्हाला कशाची चिंता वाटते?’ हे एकाच ओळीत विचारलेलं असतं, आणि ती एक्सेल शीट विभागातल्या सगळ्यांकडे फिरते. मुलांना याचा अंदाज असतो. म्हणून ती ‘सर्व काही छान आहे’ असं लिहून मोकळी होतात, आणि त्याच उत्तरांवरून अहवालात कार्यक्रम यशस्वी झाल्याचं लिहिलं जातं.

कॉलेजांनी काय करावं हे आता फक्त इच्छेवर सोडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. टेली-मानससारखे नंबर वसतिगृहात, वर्गात, वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लावायचे.

एक समुपदेशक दोन हजार मुलांना कसा पुरणार, असं प्राचार्य विचारतील. इथेच ऑनलाइन कोर्स कामाला येतो. ज्या कोर्सच्या जोडीला माणूस असतो तो नुसत्या कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. तो माणूस दरवेळी तज्ज्ञच असावा लागतो असंही नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत सहा ऑनलाइन धड्यांसोबत काहींना तज्ज्ञाने साथ दिली आणि काहींना तज्ज्ञ नसलेल्या, पण देखरेखीखाली काम करणाऱ्या मदतनिसाने. दोन्हीकडे सारखाच फायदा झाला, आणि आठ आठवड्यांत प्रत्येकामागे एकूण वेळ गेला सुमारे एक तास. तीव्र त्रासात असलेल्या मुलाला अर्थातच तज्ज्ञ हवा. पण बाकीच्यांसाठी आठवड्याला सात-आठ मिनिटांचा फोन पुरतो: धडा झाला का, कुठे अडलं, पुढचा कधी करतोस?

हे आपल्याकडे सहज जमण्यासारखं आहे. समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना आधी नीट प्रशिक्षण द्यायचं. त्यांच्यावर समुपदेशकाची देखरेख ठेवायची, आणि एकेकाकडे पाच-सहा मुलं सोपवायची, तीही शक्यतो दुसऱ्या कॉलेजातली, म्हणजे ओळखीची भीती राहत नाही. धडे मराठीत हवेत, दहा मिनिटांत संपणारे, रेंज असताना उतरवून घेता येतील असे. उदाहरणांत राहिलेला पेपर, वसतिगृह, भावाशी वाटून घेतलेला फोन आणि लग्नाचा घरचा तगादा हवा. नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा मुलांसाठी बोलणारा माणूस त्यांच्या बोलीतला मिळाला तर फार बरं. कोर्स प्रवेशानंतर लगेच, जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करावा, परीक्षेच्या तोंडावर नाही. कॉलेजात एक खोली रोज ठरावीक वेळेला मोकळी असावी, आणि तिच्या दारावर समुपदेशनाची पाटी नसली तरी चालेल. सर्टिफिकेट द्यायचं तर द्यावं, पण फीडबॅक फॉर्मवर नाव मागू नये.

आणि तिसऱ्या धड्यानंतर जी मुलं दिसेनाशी होतात, त्यांची यादी बाजूला टाकू नये. आधी फोन त्यांना करावा. कोणी सांगेल रिचार्ज संपला, कोणी सांगेल कापूस वेचतोय, कोणी सांगेल बरं वाटलं म्हणून थांबलो, आणि एखादा काहीच न बोलता फोन धरून राहील. पहिल्या तिघांची कारणं पुढच्या सत्राच्या आखणीत घ्यावीत, आणि चौथ्याकडे त्याच दिवशी समुपदेशकाने जावं.